अँग्लिकन प्रांत कुठे गेला? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागील अंकात मुंबई-पुण्याच्या जुन्या अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या) चर्चवास्तूंची माहिती दिली होती. त्यावर पत्रे बरीच आली, पण बहुतेकांनी विचारले ते दगडमातीबद्दल नव्हे, त्यामागच्या कारभाराबद्दल. बिशप कोण नेमत असे, कलकत्ताच का, १९७० मध्ये नेमके काय झाले, जमीन कोणाची, दाखला कुठे मिळेल? निवडक प्रश्न घेतले आहेत.

आजोबांच्या १९३८ च्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ असे छापले आहे. वडिलांच्या १९५८ च्या कन्फर्मेशन (मोठेपणी श्रद्धेची कबुली देण्याचा विधी) कार्डावर त्यात ‘पाकिस्तान’ शिरले आहे. माझ्या दाखल्यावर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’. चर्चची इमारत तीच. मग आमच्या घराण्याने पंथ किती वेळा बदलला? (अहिल्यानगर)

आजोबा आणि वडिलांच्या मध्ये काहीच बदलले नाही, फाळणी झाली एवढेच. कलकत्त्याच्या मेट्रोपॉलिटन बिशपच्या हाताखालचा हा एकच प्रॉव्हिन्स होता. प्रॉव्हिन्स (प्रांत) म्हणजे अनेक धर्मप्रांतांचा गट, मेट्रोपॉलिटन म्हणजे त्याचा प्रमुख बिशप. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपचे क्षेत्र. १ मार्च १९३० रोजी तो चर्च ऑफ इंग्लंडपासून कायद्याने वेगळा झाला, तेव्हा त्याचे नाव ‘इंडिया, बर्मा अँड सिलोन’ असे पडले. फाळणीनंतर लाहोर आणि पूर्व बंगालकडचा भाग परदेशात गेला, पण चर्च फाटले नाही, म्हणून नावात ‘पाकिस्तान’ घातले. चार देशांवर एक मेट्रोपॉलिटन, अशी ही अजब रचना तेवीस वर्षे टिकली.

खरा बदल वडिलांच्या आणि तुमच्या दाखल्यांमध्ये आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये (कॅथेड्रल म्हणजे बिशपचे मुख्य चर्च) सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळे चर्चपंथ, एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) झाली. अँग्लिकन ही त्या सहांपैकी एक. म्हणजे तुमच्या घराण्याने पंथ बदलला नाही, पंथच इतर पाचांबरोबर एका छपराखाली गेला. १९३० च्या आधीचा पणजोबांचा दाखला सापडला, तर त्यावर नुसते ‘चर्च ऑफ इंग्लंड’ असेल, हेही लक्षात ठेवा. कागद कुठल्या काळातला हे ओळखायची ही सोपी खूण आहे.

पहिला बिशप कलकत्त्याला का? आणि धर्माच्या पदासाठी पार्लमेंटचा कायदा कशाला लागला? (कोल्हापूर)

कलकत्ता ही कंपनी सरकारची राजधानी होती, हे उघड कारण. पण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे. पुढच्या दीडशे वर्षांतले बहुतेक पेच त्यातूनच निघाले.

१८१३ च्या चार्टर ॲक्टमध्ये कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण झाले, तेव्हा त्यात एक बिशप आणि तीन आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचे कारभारी पाळक) यांची तरतूद घालण्यात आली. आर्चडीकन कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथे एकेक. बिशपला वर्षाला ५,००० पौंड आणि आर्चडीकनला २,००० पौंड, आणि हा पैसा हिंदुस्थानच्या महसुलातून. पगार सरकारी तिजोरीतला, नेमणूक राजाच्या सनदेने, मग पद निर्माण करायला कायदा लागणारच. पहिले बिशप टॉमस फॅनशॉ मिडलटन यांना ८ मे १८१४ रोजी लंडनच्या लॅम्बेथ राजवाड्यातील खासगी चॅपेलमध्ये दीक्षा दिली गेली, तीही फारसा गाजावाजा न करता. वेल्लोरचे १८०६ चे बंड लोक विसरले नव्हते. धर्मात हात घातला तर शिपाई बिथरतील, ही धास्ती कंपनीच्या संचालकांना होती.

सनदेवर उभे राहिलेले पद सनदेपलीकडे जाऊ शकत नाही. मिडलटन यांना हिंदी माणसाला पाळकाची दीक्षा देण्याचा अधिकार आपल्याला आहे असे वाटत नव्हते, आणि त्यांनी ती दिली नाही. १८२३ मध्ये कायद्याने ती अडचण दूर झाली. त्यानंतर दुसरे बिशप रेजिनाल्ड हेबर यांनी १८२४ मध्ये तमिळ उपदेशक क्रिश्चन डेव्हिड यांना दीक्षा दिली. हेच हेबर १८२५ मध्ये आपल्याकडे आले होते. पुण्याच्या कॅम्पातले सेंट मेरीज चर्च त्यांनीच अर्पण केले.

कामाचा पसारा मात्र अशक्य होता. एकट्या माणसाच्या अखत्यारीत सारा हिंदुस्थान, आणि १८३६ मध्ये ऑस्ट्रेलियाला स्वतःचा बिशप मिळेपर्यंत कागदोपत्री ऑस्ट्रेलियासुद्धा! मिडलटन १८२२ मध्ये गेले, हेबर १८२६ मध्ये त्रिचनापल्लीला, त्यांच्यामागचे जेम्स १८२८ मध्ये, टर्नर १८३१ मध्ये. सतरा वर्षांत चार बिशप संपले. तेव्हा कुठे १८३३ च्या कायद्याने मद्रास आणि मुंबईला वेगळे बिशप मंजूर झाले आणि कलकत्त्याचा बिशप त्यांच्यावरचा मेट्रोपॉलिटन ठरला. मद्रासला १८३५ मध्ये डॅनियल कॉरी आले. मुंबईला १८३७ मध्ये टॉमस कार आले, ते आधी इथलेच आर्चडीकन होते. फोर्टमधले सेंट टॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उपासनेसाठी खुले झाले होते. मुंबईला बिशप आला तसे ते कॅथेड्रल झाले. चर्चगेट स्टेशनला नाव मिळाले ते याच चर्चकडे जाणाऱ्या किल्ल्याच्या दरवाजावरून.

मेट्रोपॉलिटन म्हणजेच आर्चबिशप ना? एकूण किती झाले? (ठाणे)

काम आर्चबिशपचे, पण इथल्या अँग्लिकन मेट्रोपॉलिटनने तो किताब लावला नाही. ‘कलकत्त्याचे बिशप आणि हिंदुस्थानचे मेट्रोपॉलिटन’ हे त्यांचे पूर्ण बिरुद. अकरा झाले : विल्सन, कॉटन, मिलमन, जॉन्सन, वेल्डन, कोपल्स्टन, लेफ्रॉय, फॉस वेस्टकॉट (१९१९ ते १९४५), हबक (१९४५ ते १९५०), अरविंदनाथ मुखर्जी (१९५० ते १९६२) आणि लकदास डी मेल (१९६२ ते १९७०). मुखर्जी हे पहिले भारतीय. डी मेल सिंहली होते, ते आधी श्रीलंकेतील कुरुनेगल धर्मप्रांताचे पहिले बिशप होते. त्यांच्याबरोबरच हे पद संपले.

पहिला भारतीय बिशप १९१२ मध्ये झाला आणि तोही निजामाच्या मुलखात. ब्रिटिश हद्दीत का नाही? (नांदेड)

मराठवाड्यातल्या वाचकाने हे विचारावे हे योग्यच. त्या बिशपचा धर्मप्रांत दोर्णकल, तो निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि सारी मेख तिथेच आहे.

ब्रिटिश हद्दीतला बिशप राजाच्या सनदेने नेमला जाई. सनद, पगार, राजनिष्ठेची शपथ, सगळे बाड लंडनच्या कचेऱ्यांतून यायचे. त्या साखळीतून एखादा तमिळ माणूस बिशप म्हणून बाहेर पडणे त्या काळी अवघडच होते. संस्थानात राजाचा कायदा थेट लागू नव्हता. तिथे सनदेविना, मेट्रोपॉलिटन आणि इथल्या बिशपांच्या अधिकारात धर्मप्रांत काढता येत होता. व्ही. एस. अझरया यांची दीक्षा २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये झाली. इंग्रज पाळकांपैकी कित्येकांना हिंदी बिशपच्या हाताखाली काम करणे पटणारे नव्हते, हेही खरे. त्यामुळे नव्या, कोऱ्या क्षेत्रात त्यांना बसवणे सोयीचे गेले. सोय कोणाची, ते वाचकांनी ठरवावे. अझरया यांनी मात्र त्या कोपऱ्यातून प्रांतातला सर्वांत झपाट्याने वाढणारा धर्मप्रांत उभा केला. १ जानेवारी १९४५ रोजी त्यांचे निधन झाले. दक्षिण भारतातल्या चर्चपंथांच्या ज्या एकीकरणासाठी त्यांनी हयात घालवली, ते त्यांच्यामागून पावणेतीन वर्षांनी घडले.

१९३० मध्ये ‘वेगळे’ झाल्याने सामान्य मंडळीला काय फरक पडला? (पुणे)

तीन गोष्टी बदलल्या. एक, बिशप राजाऐवजी धर्मप्रांत निवडू लागला. आपल्या धर्मप्रांताची काउन्सिल नाव ठरवी आणि प्रांतातले बिशप त्याला मान्यता देत. दोन, प्रांताची जनरल काउन्सिल आली. तिच्यात बिशप, पाळक आणि मंडळीतली सामान्य माणसे अशी तीन सभागृहे होती, म्हणजे शाळामास्तर किंवा कारकून असलेला मंडळीचा प्रतिनिधीही मत देऊ लागला. तीन, उपासनेच्या पुस्तकात बदल करायला आता लंडनची परवानगी नको होती. १९२७ चा इंडियन चर्च ॲक्ट आणि त्याच सालचे चर्च मेझर (चर्चविषयक कायदा) या दोन कागदांनी ही सुटका झाली.

सुटका पूर्ण नव्हती. सरकारी पगारावरचे चॅप्लन (सरकारने नेमलेले पाळक) आणि लष्करी छावण्यांतली सरकारी देखभालीची चर्चेस तशीच राहिली. गोऱ्या पलटणींच्या उपासनेचा हक्क कायद्यातच राखून ठेवला होता. सरकारचे हे धर्मखाते स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये, गुंडाळले गेले. तुमच्या कॅम्पातल्या चर्चच्या जागेचा वाद चालू असेल, तर ही ओळ अधोरेखित करून ठेवा. जागेच्या प्रश्नात तिचा पुढे उपयोग आहे.

नाशिक धर्मप्रांत कधीचा? मुंबईपासून का तोडला? (नाशिकरोड)

१९२९ चा. पहिले बिशप फिलिप हेन्री लॉइड, १९४४ पर्यंत. नंतर ते इंग्लंडला सेंट ऑल्बन्सचे बिशप झाले. तोडण्याचे कारण भूगोलच. मुंबईचा धर्मप्रांत एकाच वेळी फोर्टमधल्या इंग्रजी मंडळीचा आणि नगर-नाशिकच्या खेड्यांतल्या मराठी मंडळीचा होता. मंडळीची संख्या खेड्यांत वाढत होती आणि बिशप बसे मुंबईत.

तुमच्या गावाची कथा मात्र १९२९ च्या फार आधी सुरू होते. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले इथे शिकत. इंग्रजी कागदांत त्यांचा उल्लेख ‘नासिक बॉइज’ असा येतो. मिशनरी-प्रवासी लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारले, तेव्हा त्यांचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणणाऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीत पेटीला खांदा देणाऱ्यांतही तो होता. नाशिककरांनी हे नाव रस्त्याला दिले असते तर वावगे झाले नसते.

लोकमान्यांचे चहाग्रामण्य ज्या पंचहौद मिशनमध्ये घडले, ते अँग्लिकन होते की स्कॉटिश? (सदाशिव पेठ, पुणे)

अँग्लिकन. ऑक्टोबर १८९० मध्ये टिळक, रानडे आदी मंडळी तिथे गेली, चहा-बिस्किटे पुढे आली, गोपाळराव जोशी यांनी नावे छापली आणि पुढे प्रायश्चित्तापर्यंत प्रकरण गेले. त्या जागी काम करणारे काउली फादर्स आणि वाँटेजच्या सिस्टर्स हे दोन्ही चर्च ऑफ इंग्लंडमधले संन्यस्त संघ. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात झाला तो याच वाँटेजच्या सिस्टर्सकडे. पुण्यातली ओळख तिकडे घेऊन गेली होती.

दक्षिणेत १९४७ मध्येच एकीकरण झाले. उत्तरेला १९७० का उजाडले? आणि दोन वेगळी चर्चेस का? (सोलापूर)

हा प्रश्न एका वाक्यात सुटणारा नाही. सारा वाद एका क्रियेभोवती फिरत होता : पाळकाला दीक्षा देताना डोक्यावर हात ठेवणे.

अँग्लिकन समजुतीप्रमाणे पाळकाला दीक्षा बिशपच्या हातूनच मिळाली पाहिजे, आणि त्या बिशपला आधीच्या बिशपांकडून. प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट यांच्याकडे बिशप नाहीत, त्यांच्या पाळकांना मंडळी किंवा पाळकवर्गच दीक्षा देतो. आता एकत्र यायचे म्हटले, की प्रश्न पडतो : बिशपविना दीक्षा झालेल्या पाळकाला प्रभुभोजन देता येईल का? ‘पुन्हा दीक्षा घ्या’ म्हणावे, तर तो म्हणणार, माझी वीस वर्षांची सेवा खोटी होती काय? ‘नको’ म्हणावे, तर अँग्लिकनांतला एक मोठा वर्ग बाहेर पडणार.

दक्षिणेने त्यातून असा मार्ग काढला : आज जे पाळक आहेत ते तसेच स्वीकारायचे, कोणाच्याही डोक्यावर पुन्हा हात ठेवायचे नाहीत, पुढच्या साऱ्या दीक्षा मात्र बिशपच्याच हातून. तीस वर्षांत जुनी पिढी निवृत्त होईल आणि भेद आपोआप मिटेल. एखाद्या मंडळीला जो पाळक मनापासून मान्य नाही, तो तिच्यावर लादायचा नाही, असे वचनही दिले गेले. मुंबईचे बिशप एडविन पामर (१९०८ ते १९२९) या योजनेच्या घडणीत फार पुढे होते. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथेड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. मद्रास, दोर्णकल, तिन्नेवेल्ली आणि त्रावणकोर-कोचीन हे चार धर्मप्रांत आपल्या प्रांतातून तिकडे गेले. किंमत अशी, की इंग्लंडातल्या चर्चने नव्या चर्चशी पूर्ण सहभागिता (एकमेकांचे पाळक आणि प्रभुभोजन मानणे) मान्य केली नाही. कालपर्यंत आपलेच असलेले बिशप अचानक अर्धे परके झाले.

उत्तरेतल्या बोलण्यांना १९२९ च्या लखनौ परिषदेपासून सुरुवात झाली होती. दक्षिणेचा अनुभव पाहून इथे उलटा मार्ग धरला. स्थापनेच्या दिवशीच सर्व सहा मंडळ्यांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यांवर हात ठेवून घ्यायचे, अँग्लिकनांनीही. प्रार्थनेची शब्दयोजना अशी केली, की ज्याला ती दीक्षा वाटते त्याला तसे वाटावे, आणि ज्याला ती केवळ नवी नेमणूक वाटते त्यालाही खोटे बोलावे लागू नये. ही धूसरता चुकून राहिलेली नाही, ती आखून ठेवलेली आहे. टीका करणाऱ्यांनी तिला पळवाट म्हटले. आमच्या मते त्याच धूसरतेमुळे सीएनआयला लवकरच अँग्लिकन जगताशी पूर्ण सहभागिता मिळाली. दक्षिणेला त्यासाठी अनेक दशके थांबावे लागले. योजनेची चौथी आणि अखेरची आवृत्ती १९६५ मध्ये निघाली, तिच्यावर मतदान होता होता १९७० उजाडले.

त्याच वर्षी प्रांताचे बाकीचे तुकडेही मार्गी लागले. बर्मा फेब्रुवारीत स्वतंत्र प्रॉव्हिन्स झाला. पाकिस्तानात १ नोव्हेंबरला चर्च ऑफ पाकिस्तान स्थापन झाले. श्रीलंकेचे दोन धर्मप्रांत कुठेच गेले नाहीत, ते थेट कँटरबरीच्या आर्चबिशपच्या (चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रमुख धर्माधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली राहिले.

मग आमचे मेथडिस्ट चर्च सीएनआयमध्ये का नाही? (मुंबई, भायखळा)

कारण मेथडिस्ट दोन प्रकारचे होते. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट सीएनआयमध्ये आले. अमेरिकन परंपरेचे, संख्येने खूप मोठे, १९७० च्या ऑगस्टमध्ये ऐनवेळी बाहेर राहिले. तेच आजचे मेथडिस्ट चर्च इन इंडिया. सहांतले बाकीचे, माहितीसाठी : युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया (नगरचे अमेरिकन मराठी मिशन आणि स्कॉटिश मिशन यांच्या मंडळ्या यातून आल्या), बाप्टिस्ट, चर्च ऑफ द ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट.

आमच्या पास्टोरेटमध्ये (एका पाळकाखालच्या मंडळीत) काही कुटुंबे बाळाला बाप्तिस्मा देतात, काही नुसते अर्पण करतात. चूक कोणाची? (नागपूर)

कोणाचीच नाही. दोन्ही वाटा सीएनआयच्या घटनेतच आहेत. एक, बाळाचा बाप्तिस्मा आणि जाणत्या वयात कन्फर्मेशन. दुसरी, बाळाचे अर्पण आणि जाणत्या वयात स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा. शेवटी दोघेही सारखेच सभासद. तंटा होतो तो तिसऱ्याच ठिकाणी : बाळपणी बाप्तिस्मा झालेला तरुण म्हणतो, ‘मला पुन्हा पाण्यात घ्या.’ पाळकाने हे आपल्या अधिकारात उरकू नये. आधी बिशपला लिहावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

सीएनआयचा आजचा प्रमुख, मॉडरेटर, म्हणजे पूर्वीचा मेट्रोपॉलिटनच का? आणि कँटरबरीचा हुकूम आपल्यावर चालतो का? (औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर)

नाही आणि नाही. मेट्रोपॉलिटनपद एका गादीला, कलकत्त्याला, बांधलेले होते आणि माणूस निवृत्त होईपर्यंत टिके. मॉडरेटरला सिनॉड (सीएनआयची सर्वोच्च सभा) बिशपांमधून ठरावीक मुदतीसाठी निवडते. तो कोणत्याही धर्मप्रांताचा असू शकतो आणि मुदत संपली की आपल्या जागी परततो. बिशपच्या निवडीत धर्मप्रांताची काउन्सिल नावे सुचवते आणि अंतिम निवड सिनॉडच्या पातळीवर होते. गटबाजीला वाव या पहिल्या पायरीवर, म्हणजे नावांच्या यादीवर, सर्वांत जास्त. म्हणून काउन्सिलसाठी पास्टोरेटचे प्रतिनिधी निवडताना सभासदांनी हजर राहावे. बिशपच्या निवडीविरुद्ध नंतर ओरडणारे बहुधा त्या सभेला गेलेलेच नसतात.

कँटरबरीचा आर्चबिशप अँग्लिकन जगतात मानाने पहिला, पण इथे कोणाला नेमू वा काढू शकत नाही. १९३० पासूनच नाही.

पणजोबांचा बाप्तिस्मा १९१० च्या सुमारास झाला. नोंद कशी शोधावी? (पुणे)

क्रमाने जा, नाहीतर फेऱ्या वाढतात.

पहिले काम, मंडळी नक्की करा. नगर जिल्ह्यात एकाच तालुक्यात अमेरिकन मराठी मिशन आणि अँग्लिकन एसपीजी (इंग्लंडची एक मिशनरी संस्था) मिशन दोन्ही होते. अमेरिकन मिशनचे लोक अँग्लिकन नोंदवहीत सापडायचे नाहीत. शोध फसतो तो बहुतेक वेळा इथेच. घरातले जुने उपासनेचे पुस्तक बघा : ‘साधारण प्रार्थनेचे पुस्तक’ असेल तर घर बहुधा अँग्लिकन.

दुसरे, त्या चर्चची मूळ वही. पाळकाला भेटण्याआधी लेखी अर्ज द्या. त्यात नाव, वडिलांचे नाव, अंदाजे साल (पाच वर्षे अलीकडे-पलीकडे), गाव आणि तुमचे नाते लिहा. बाप्तिस्म्याच्या वहीत बाप्तिस्म्याची तारीख, जन्मतारीख, मुलाचे नाव, आईवडिलांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा आणि पाळकाची सही असे रकाने असतात. प्रौढपणी बाप्तिस्मा झाला असेल तर जन्मतारीख अंदाजाने किंवा कोरी असते. ती पुढे शाळेच्या दाखल्याशी जुळत नाही म्हणून घाबरू नका.

तिसरे, वही वाळवीने खाल्ली असेल तर नकला. जुन्या काळी नोंदींच्या प्रती धर्मप्रांताच्या कचेरीमार्फत लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात आहेत. मुंबई इलाख्याची मालिका ‘एन/३’, साल १७०९ ते १९४८. बंगालची एन/१, मद्रासची एन/२. ‘फाइंडमायपास्ट’ या संकेतस्थळावर त्यांच्या प्रतिमा पैसे भरून दिसतात. ‘फिबिस’ या ब्रिटिश काळातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या संस्थेची सूची फुकट आहे. भर युरोपियनांवर असला तरी हिंदी ख्रिस्ती नोंदीही त्यांत मिळतात.

शोधताना आडनावावर विसंबू नका. पुष्कळ नोंदींत ते नसतेच, ‘सावळाराम लक्ष्मण’ एवढेच असते. असले तर रोमन लिपीत ‘ठ’चा ‘त’ आणि ‘घ’चा ‘ग’ झालेला असतो. गाव आणि पाळकाचे नाव धरून पाने चाळणे जास्त फलदायी. आणि घरातले नाव वेगळे, बाप्तिस्म्याचे वेगळे असू शकते. आजीला विचारून दोन्ही लिहून ठेवा.

आमच्या चर्चशेजारची जागा ‘विकली’ असे कानावर येते. जागा मुळात कोणाची? सीएनआयची, बिशपची की मंडळीची? (अहिल्यानगर जिल्हा)

बहुधा तिघांचीही नाही, तर विश्वस्त संस्थेची. अँग्लिकन मिळकती त्या काळी मुद्दाम स्वतंत्र ट्रस्ट असोसिएशनांच्या नावे ठेवल्या. मुंबईत बॉम्बे डायोसिसन ट्रस्ट असोसिएशन, तुमच्याकडे नाशिकची तशीच संस्था. सरकारी देखभालीची जी छावणी चर्चेस होती, ती इंडियन चर्च ट्रस्टीज या संस्थेकडे गेली. पाळक बदलतो, बिशप बदलतो, धर्मप्रांत तुटतो, पण मालकीचा कागद हलत नाही, हा त्यामागचा हेतू.

आता करायचे ते असे. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा आणि भोगवटादार म्हणून नेमके कोणते नाव आहे ते अक्षरशः उतरवून घ्या. त्या नावाने सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीतून ट्रस्टच्या परिशिष्ट एकचा प्रमाणित उतारा मागा. त्यात विश्वस्तांची नावे आणि मिळकतींची यादी असते. विश्वस्त बदलल्याचे बदल अर्ज (सार्वजनिक विश्वस्त कायद्याचे कलम २२) मंजूर झालेत की पडून आहेत ते पाहा. अर्ज पडून असेल, तर नव्या म्हणवणाऱ्या विश्वस्ताच्या सहीला तिथेच आव्हान देता येते. विक्रीसाठी, तसेच शेतजमीन दहा वर्षांहून किंवा बिगरशेती जागा तीन वर्षांहून अधिक भाड्याने देण्यासाठी कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. तशी परवानगी मागितली आहे का, हे लेखी विचारा आणि हरकत सुनावणीआधी नोंदवा. सौदा नोंदल्यावर निस्तरणे फार जड जाते.

एक निकाल माहीत असावा. गुजरातमधल्या चर्च ऑफ द ब्रदरनच्या मिळकतींबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असे ठरवले, की मंडळीने सीएनआयमध्ये विलीन होण्याचा ठराव केला म्हणून ट्रस्टची मिळकत आपोआप सीएनआयची होत नाही, सार्वजनिक विश्वस्त कायद्यातली प्रक्रिया झाली पाहिजे. ज्यांना वाटते की १९७० च्या नागपूरच्या समारंभाने सगळ्या जमिनी एका खात्यात गेल्या, त्यांनी तो निकाल वकिलाकडून समजून घ्यावा. उलट बाजूही आहे : जुन्या प्रांताचे नाव लावून ‘आम्हीच खरे वारस’ म्हणणारे गट अधूनमधून उभे राहतात. त्यांच्याही लेटरहेडवर जाऊ नका, परिशिष्ट एकमध्ये नाव आहे का एवढेच पाहा.

मुंबईचे होली नेम कॅथेड्रल आणि पुण्याचे होली नेम चर्च एकाच बिशपखाली येतात का? (डोंबिवली)

नाही. मुंबईचे, कुलाब्याकडचे, रोमन कॅथलिक आर्चबिशपचे. पुण्याचे, गुरुवार पेठेत पंचहौदाजवळचे, अँग्लिकनांनी बांधलेले आणि आज सीएनआयचे. लग्नाचा दाखला मागायला जाताना पत्ता दोनदा वाचा.